दोन सेकंदांचा ‘झूं’

पेट्रोल कारची चावी ‘ऑन’वर आणा, पण लगेच स्टार्टर मारू नका. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक ‘झूं’ ऐकू येतं. तो फ्युएल पंप, टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला. ‘झूं’ आला नाही की अनेक गॅरेजांत एकच निकाल लागतो: पंप बदला. हा निकाल इतका सोपा का झाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगालाच असे. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातला पडदा हलायचा. त्याला एकही वायर नव्हती. बोरघाटात उन्हाने पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी बसली, की पंपावर ओलं फडकं टाकायचं. दोष डोळ्यांसमोर, उपाय हातात.

ब्रिटनच्या मॉरिस मायनरला मात्र एसयू कंपनीचा विजेवर टिकटिकणारा पंप होता. त्याचे कॉन्टॅक्ट पॉइंट जळले की टिकटिक थांबे. मग पान्याने दोन टोले. पंप पुन्हा चालू झाला, तर दोष पॉइंटमध्ये. निदान आणि तात्पुरता इलाज एकाच ठोक्यात!

१९६७मध्ये फोक्सवॅगन १६००मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आली. कार्ब्युरेटरला साधारण पाव बार दाब पुरतो, इंजेक्टरला अडीच-तीन बार लागतो. विजेच्या मोटरशिवाय ते जमेना. आपल्याकडे एप्रिल १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या खासगी गाड्यांसाठी १ एप्रिल २०००पासून युरो-२ सक्तीचं केलं आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले.

पंप टाकीत गेला आणि दोष वायरिंगभर पसरला: फ्यूज, रिले, कनेक्टर, अर्थ. शिवाय मध्ये ईसीयू बसला. इंजिन फिरल्याचा सिग्नल आला नाही, तर तो दोन सेकंदांत पंप बंद करतो, म्हणजे अपघातात पेट्रोल वाहत राहू नये. मी रोज कोड लिहितो, पण इतकी मोलाची ‘इफ’ची ओळ क्वचितच दिसते. हाच सिग्नल हरवला, तर धडधाकट पंपही चालत नाही.

खरी फसगत मीटरवर होते. कनेक्टर काढून मोजलं की बारा व्होल्ट दिसतात. मेकॅनिक म्हणतो, “सप्लाय ओके, पंप गेला.” पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. पंप पाच अँपिअर ओढतो, तेव्हा अर्ध्या ओहमचा गंजसुद्धा अडीच व्होल्ट खातो. अशा वायरीवर हजारोंचा नवा पंपही रडतच चालतो.

म्हणून मोजायचं ते पंप जोडलेला आणि चालू असताना: एकदा त्याच्या दोन टोकांमध्ये, एकदा अर्थच्या वायरीवर. पूर्वी ठोका पंपालाच प्रश्न विचारायचा. आता तो मीटरने विचारायचा, पण पंप कामावर असतानाच.