बुद्रुक म्हणजे काय?

गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ ही तारीख आपण पाठ करतो, पण ‘बुद्रुक’पाशी थांबत नाही. पाटीवर तर त्याचं नुसतं ‘बु.’ होतं. आज या एका अक्षराकडे पाहू.

मूळ शब्द फारसी, ‘बुज़ुर्ग’. म्हणजे थोर, वडील. त्याचा जोडीदार ‘ख़ुर्द’, म्हणजे लहान. सुट्ट्या नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो, तो याच घरातला. आता ‘बुज़ुर्ग’चा ‘बुद्रुक’ कसा झाला? फारसी ‘ज़’ मराठी तोंडात पुष्कळदा ‘द’ होतो. गुज़श्ताचं गुदस्ता झालं, तसंच हे. मग ‘र’ पुढे सरकला आणि शेवटचा ‘ग’ कठोर होऊन ‘क’ झाला. गंमत अशी, की तोच शब्द आपण ‘बुजुर्ग’ म्हणूनही ठेवला. माणसाला बुजुर्ग, गावाला बुद्रुक!

कुणाला यात ‘रुख’, म्हणजे झाड, दिसेल. पण मग पुण्याजवळच्या वडगाव बुद्रुकशेजारी वडगाव खुर्द का, आंबेगावाच्याही दोन पाट्या का, याचं उत्तर मिळत नाही. एका नावाची दोन गावं झाली की सारा वसूल करणाऱ्या दप्तराला ती वेगळी ओळखावी लागतात. सुलतानी अमदानीत दप्तराची भाषा फारसी, म्हणून विशेषणंही फारसी. इंग्लंडात हेच काम लॅटिननं केलं. लेस्टरशरमध्ये ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्वा आहेत, म्हणजे थोरली ॲशबी नि धाकटी ॲशबी.

तत्त्वज्ञानाच्या अंगानं पाहिलं, तर ‘बुद्रुक’ हे सापेक्ष पद आहे. एकटं गाव बुद्रुक असूच शकत नाही. थोरला म्हटलं की धाकटा आलाच. शिवाय हा थोरपणा नाव पडलं त्या वेळचा. आज खुर्दाची वस्ती बुद्रुकाहून मोठी झाली, तरी पाटी बदलत नाही. तेव्हा खुर्दातल्या माणसानं खाली पाहायचं कारण नाही, आणि बुद्रुकातल्यानं मिशीला पीळ द्यायचंही नाही.

मग परका शब्द म्हणून तो काढावा का? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो विचार मोठाच होता. तरी गावांच्या नावांतून बुद्रुक गेला नाही, कारण तोवर तो दप्तरातून उतरून लोकांच्या तोंडी बसला होता. आणि काढायचाच म्हटलं, तर पत्त्यातले ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ही काढावे लागतील, तेही अरबीच!

गागोद्याच्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचं सार काढलं. परका शब्द आपल्या घरात का राहिला, हे आधी समजून घ्यावं. त्याला ठेवायचं की घालवायचं, ते मग ठरवावं. आपण एवढं जरी केलं, तरी पाटीवरचं ते ‘बु.’ मुकं राहणार नाही.