रँग्लर परांजपे : वसाहतीच्या स्वराज्याचे उपासक

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचें नांव महाराष्ट्रांत बहुधा एका परीक्षेच्या निकालाबरोबरच घेतलें जातें. १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत दुसऱ्या एका विद्यार्थ्यासमवेत ते पहिले आले, सीनियर रँग्लर होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले, आणि पुढें त्यांनीं कांहींही केलें तरी लोकांच्या तोंडीं ते ‘रँग्लर’च राहिले. यामुळें झालें असें कीं, तीन तपांहून अधिक काळ सार्वजनिक कारभारांत वावरलेल्या या पुरुषाचें राजकारण मात्र विस्मृतींत गेलें. लोकांना तें आवडलें नव्हतें, हेंही त्याचें एक कारण आहे.

परांजपे मवाळ होते. पुण्यांत या शब्दाला एके काळीं शिवीची धार होती. मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्यांवर विश्वास ठेवणारा, सरकारच्या पायरीशीं घुटमळणारा, अशी लोकांची समजूत. आणि ती समजूत करून देण्यांत वृत्तपत्रांनीं कसूर केली नाहीं. परंतु या गृहस्थांची गोष्ट इतकी सरळ नाहीं. दापोली तालुक्यांतील मुर्डी या गांवीं १६ फेब्रुवारी १८७६ रोजीं जन्मलेल्या परांजप्यांचें शिक्षण त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांच्या छायेंत झालें. विधवेशीं विवाह केल्याबद्दल ज्यांच्यावर गांवानें बहिष्कार घातला, त्या कर्व्यांच्या घरीं वाढलेला मुलगा रूढीपुढें मान तुकविणारा निघणें कठीणच. परांजपे पूर्ण बुद्धिवादी झाले. हिंदुस्थानांतील बुद्धिवाद्यांच्या संघटनेचे ते पुढें अध्यक्षही होते. देव, धर्म व जातिभेद यांविषयीं ते जें उघडपणें बोलत, तें बोलण्याचें धैर्य जहालांपैकीं फारच थोड्यांना झालें असतें. राज्यकर्त्यांशीं सौम्य आणि शास्त्रीपंडितांशीं कठोर, असा हा मवाळ होता. टिळकांच्या पक्षाची रीत नेमकी उलट होती. तेव्हां पुण्यांत जुन्या वळणाचा कोण आणि नव्या वळणाचा कोण, हें एका मापानें ठरवितां येत नाहीं.

केंब्रिजहून परतल्यावर त्यांच्यापुढें सरकारी नोकरीचे मोठे दरवाजे उघडे होते. ते गेले फर्ग्युसन कॉलेजांत, दरमहा ७५ रुपयांच्या आजीव सदस्यत्वावर, आणि १९०२ पासून सुमारें दोन तपें तेथील प्राचार्यपद त्यांनीं सांभाळलें. सरकारधार्जिणे म्हणून ज्यांची संभावना झाली, त्यांच्या हिशेबांत हीही रक्कम मांडली पाहिजे.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. काँग्रेसनें कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला; प्रागतिक पक्षानें मिळालें तें राबवून पाहण्याचें ठरविलें. १९२१ सालीं परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हें सोपीव खातें, पण तिजोरी मात्र राखीव. म्हणजे स्वयंपाकघर मंत्र्याचें आणि कोठीची किल्ली गव्हर्नराच्या सल्लागाराकडे! अशा संसारांतूनही त्यांच्या कारकीर्दींत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यानें शाळांचा कारभार लोकनियुक्त स्थानिक संस्थांकडे दिला आणि सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला. त्याच सालच्या निवडणुकींत स्वराज्य पक्षाच्या लाटेपुढें देशभर प्रागतिकांची वाताहत झाली. गोखल्यांनीं १९११ सालीं ज्या सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें व जें वरिष्ठ कौन्सिलानें फेटाळलें, त्याच दिशेनें त्यांच्या शिष्यानें एका इलाख्यापुरतें पाऊल टाकलें, याची दखल त्या गदारोळांत कोण घेणार? पुढच्याच वर्षीं मडीमन समिति बसली. तिच्यावर सप्रू, शिवस्वामी अय्यर व जीना यांच्याबरोबर परांजपेही होते. या चौघांनीं वेगळा अहवाल लिहून द्विदल पद्धति फसल्याचें स्पष्ट बजावलें. मिळालेलें राबवून पाहणाऱ्यांनींच तें निकामी ठरविलें, म्हणून त्या साक्षीला वजन होतें.

मग प्रागतिकांना हवें तरी काय होतें? वसाहतीचें स्वराज्य. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्यासारखें, साम्राज्याच्या छत्राखालीं बरोबरीचें स्थान. परंतु ज्या ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवून हें मागावयाचें, त्या ऑस्ट्रेलियानें १९०१ सालींच गोरेतरांना दार लावून घेतलें होतें. नव्यानें येणाऱ्यास अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेंत ५० शब्दांचें श्रुतलेखन घालावें आणि नापास करून परत पाठवावें, अशी ती युक्ति. केंब्रिजचा सीनियर रँग्लर सामान्य माणूस म्हणून वस्तीस गेला असता, तर त्यालाही या परीक्षेंत खुशाल नापास करतां आलें असतें. १९२२ सालीं श्रीनिवास शास्त्री त्या देशांत फिरून आले. त्यानंतर १९२५ सालीं तेथें आधीपासून राहणाऱ्या हिंदी लोकांना मताधिकार मिळाला. दार मात्र बंदच राहिलें.

आणि १९४४ सालीं हिंदुस्थानचे पहिले हायकमिशनर म्हणून सर रघुनाथ परांजपे यांचीच त्या देशांत नेमणूक झाली. त्यावेळीं कर्टिन यांचें मजूर सरकार अधिकारावर होतें. विरोधी पक्षाचे नेते रॉबर्ट मेंझीस त्याच वर्षीं स्थितिप्रिय गटांची मोट बांधून नवा पक्ष उभारीत होते, आणि त्याचें नांव त्यांनीं ‘लिबरल’ असें ठेवलें. नांव परांजप्यांच्या पक्षाचेंच, वृत्ति मात्र निराळी. मेंझीस साम्राज्याचे निःसीम भक्त होते. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानें देऊं केलेली स्वायत्तता ऑस्ट्रेलियानें थेट १९४२ पर्यंत स्वीकारलीही नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटननें युद्ध पुकारलें म्हणून आपणही युद्धांत आहोंत, असें पंतप्रधान या नात्यानें मेंझीस यांनीं आपल्या लोकांना सांगितलें. त्याच दिवशीं हिंदुस्थानाला युद्धांत ओढल्याची घोषणा व्हाइसरॉयनें केली. एकाच्या पाठीशीं निवडून आलेलें पार्लमेंट होतें, दुसऱ्यानें कोणाही हिंदी पुढाऱ्यास विचारलें नव्हतें. वसाहतीचें स्वराज्य म्हणजे काय, तें या एका दिवसांत दिसलें. त्यापूर्वींच, १९२९ अखेर लाहोरास, काँग्रेसनें पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव करून त्या ध्येयाची रजा घेतली होती.

परांजपे १९४७ पर्यंत त्या पदावर होते. ऑगस्ट १९४७ मध्यें हिंदुस्थान जें झाला, तें कायद्याच्या भाषेंत प्रागतिकांनीं मागितलेलेंच वसाहतीचें स्वराज्य होतें. तें जेमतेम अडीच वर्षें टिकलें. १९४९ सालीं प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलांत राहण्याची मोकळीक भारतास मिळाली. मेंझीस यांना ती तोड रुचली नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हां पंतप्रधान झाले आणि जानेवारी १९६६ पर्यंत राहिले. इकडे परांजपे १९५६ ते १९५९ पुणें विद्यापीठाचे कुलगुरु होते. त्याच सुमारास, १९५८ सालीं, श्रुतलेखनाची ती परीक्षा रद्द झाली. मेंझीस निवृत्त झाल्यावर मार्च १९६६ मध्यें त्यांच्याच पक्षाच्या नव्या सरकारनें गोरेतरांवरील प्रवेशबंदी बरीच सैल केली. परांजपे ६ मे १९६६ रोजीं वारले.