आई ‘नंतर’ येते
दांडी असो वा बोईसर, मोबाइलवर सातबारा उघडला की एखाद्या वारसापुढे ‘अ.पा.क.’ दिसतं: अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे अल्पवयीन; सोबतचं नाव त्याच्या वतीने सही करणाऱ्याचं. पण मूल जिच्याजवळ वाढतं, तिची सही चालते का?

1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे; पालक मात्र बाप, ‘त्याच्यानंतर’ आई.

जिजाबाई गजरे खटल्यात बाप वीसेक वर्षं वेगळा राहत होता, मुलीची जमीन आईच बघायची. 1970मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानलं. 1999मध्ये गीता हरिहरन खटल्यात ‘नंतर’चा अर्थ ‘गैरहजेरीत’ असा लावला गेला; बाप मरायची अट उरली नाही.

कायद्यातला शब्द मात्र आजही ‘नंतर’च आहे.