विलंबाचा भार कोणाच्या माथी? : अमेरिकेतील नैसर्गिक वायुवाहिन्यांच्या दरनियमनाचा इतिहास

प्रास्ताविक

सार्वजनिक सेवांचे दर शासनाने कसे नियंत्रित करावेत, या प्रश्नाची चर्चा बहुधा दर किती असावा या अंगानेच होते. दरबदलाची मागणी केव्हा करता येते, मागणीपासून निर्णयापर्यंत कोणता दर लागू राहतो आणि त्या मधल्या काळातील तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे प्रश्न कायद्याचा किरकोळ तपशील म्हणून बाजूला ठेवले जातात. अमेरिकेतील आंतरराज्यीय नैसर्गिक वायुवाहिन्यांच्या दरनियमनाचा १९३८ पासूनचा इतिहास पाहिला, तर हा तथाकथित तपशीलच मुख्य विषय होता असे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा याच एका दृष्टीने मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्यापूर्वीची पोकळी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नैसर्गिक वायूचे नियमन घटकराज्यांच्या आयोगांकडे होते. जोवर विहीर, नळ आणि शहर एकाच राज्यात होते तोवर ही व्यवस्था चालली. लांब पल्ल्याच्या वाहिन्या राज्यांच्या सीमा ओलांडू लागल्या तशी तिची मर्यादा उघड झाली. मिसुरी विरुद्ध कॅन्सस नॅचरल गॅस कंपनी या १९२४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणून स्थानिक वितरकाला घाऊक विकल्या जाणाऱ्या वायूचा दर ठरविणे हा आंतरराज्यीय व्यापारातील हस्तक्षेप असून तो राज्याला करता येणार नाही. परिणामी शहरातील घरगुती ग्राहकाचा दर राज्य आयोग ठरवी, पण त्या दराचा मोठा भाग असलेली घाऊक खरेदीची किंमत मात्र कोणाच्याच अधिकारात नव्हती. वितरक आणि वाहिनी या दोन्ही कंपन्या पुष्कळदा एकाच मालकीच्या असत. त्यामुळे एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणाऱ्या पैशाचा भार ग्राहकावर पडे आणि राज्य आयोगाला तो हिशेब मुकाट्याने मान्य करावा लागे.

फेडरल ट्रेड कमिशनने १९२८ मध्ये सुरू केलेल्या आणि १९३५ पर्यंत चाललेल्या चौकशीतून या केंद्रित मालकीचे चित्र पुढे आले. त्या अहवालाचा आधार घेऊनच २१ जून १९३८ रोजी नॅचरल गॅस अ‍ॅक्ट अस्तित्वात आला. घाऊक विक्री व आंतरराज्यीय वहन यांचे दर 'न्याय्य व वाजवी' असलेच पाहिजेत असे त्यात म्हटले होते आणि ते पाहण्याचे काम फेडरल पॉवर कमिशन या पाच सदस्यांच्या आयोगाकडे सोपविले होते.

दोन कलमे, दोन कालगणना

या कायद्याचा गाभा चौथ्या आणि पाचव्या कलमात आहे. चौथे कलम कंपनीने स्वतःहून मागितलेल्या बदलाविषयी आहे. कंपनीने नवे दरपत्रक आयोगाकडे दाखल करून ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावयाची असते. आयोगाने काहीच केले नाही तर मुदत संपताच तो दर लागू होतो. आयोगाला शंका वाटली तर तो चौकशी सुरू करून दरपत्रकाला जास्तीत जास्त पाच महिने स्थगिती देऊ शकतो. पाच महिन्यांत चौकशी पूर्ण झाली नाही, आणि ती क्वचितच होते, तर कंपनीला वाढीव दराने वसुली सुरू करता येते. मात्र ती वसुली परताव्याच्या अटीवर असते, म्हणजे शेवटी दर अवाजवी ठरला तर जादा रक्कम व्याजासह परत करावी लागते. वाढ वाजवी असल्याचे शाबीत करण्याचा भार कंपनीवर असतो. केवळ औद्योगिक वापरासाठी पुनर्विक्री होणाऱ्या वायूचे दर स्थगित करण्याचा अधिकार आयोगाला आरंभी नव्हता. ही सवलत १९६२ मध्ये काढून टाकण्यात आली.

पाचवे कलम याच्या उलट परिस्थितीसाठी आहे. लागू असलेला दर अवाजवी आहे असे ग्राहकाला, राज्याला, नगरपालिकेला अथवा खुद्द आयोगाला वाटले तर चौकशी होते. येथे शाबितीचा भार तक्रारदारावर किंवा आयोगावर असतो. दर अवाजवी ठरला तरी नवा दर आदेशाच्या तारखेपासून पुढेच लागू होतो, मागील काळाचा परतावा मिळत नाही.

दोन्ही कलमांत कसोटीचे शब्द एकच आहेत. फरक आहे तो काळाच्या हिशेबात. दर वाढवायचा असेल तर कंपनीला जास्तीत जास्त सहा महिने थांबावे लागते आणि तेथून पुढचा विलंब तिला परताव्याच्या जोखमीखेरीज फारसा जाचत नाही. दर कमी व्हायचा असेल तर चौकशी जितकी लांबेल तितका जुना दर कंपनीच्या पदरात पडत राहतो. कायदा करणाऱ्यांनी ही विषमता हेतुपुरस्सर ठेवली असे म्हणणे धाडसाचे होईल. स्थिर दर ही कंपनीला भांडवल उभारण्यासाठी आवश्यक असलेली हमी मानली जात होती, आणि मागे जाऊन दर बदलणे अन्यायाचे वाटत होते. तथापि परिणाम व्हायचा तो झालाच.

क्लीव्हलंडची तक्रार

हा परिणाम पहिल्याच मोठ्या प्रकरणात दिसून आला. कायदा होऊन महिना उलटण्याच्या सुमारास, जुलै १९३८ मध्ये, ओहायो राज्यातील क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रन या शहरांनी होप नॅचरल गॅस कंपनीविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली. वेस्ट व्हर्जिनियातील ही कंपनी न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलच्या मालकीची होती. ती ज्या ईस्ट ओहायो गॅस कंपनीला वायू विकत असे, तिची मालकीही तेथेच होती. विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरचे असताना घासाघीस कोण करणार?

वाद मुख्यतः कोणत्या भांडवलावर परतावा मोजावा याविषयी होता. वाहिन्या व विहिरी आज नव्याने उभारायच्या तर काय लागेल याचा विचार करून कंपनीने सुमारे ६ कोटी ६० लाख डॉलर्सचा आधार मागितला. आयोगाने प्रत्यक्ष झालेला खर्च धरून, घसारा वजा जाता, तो सुमारे ३ कोटी ३७ लाख डॉलर्स ठरविला आणि त्यावर साडेसहा टक्के परतावा मान्य केला. १९४२ मध्ये आयोगाने वार्षिक ३६,०९,८५७ डॉलर्सची कपात करण्याचा आदेश दिला. अपिलात हा आदेश रद्द झाला. पुढे ३ जानेवारी १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या या निकालपत्राचा इत्यर्थ असा की, आयोगाने कोणती पद्धत वापरली याला महत्त्व नाही, अंतिम परिणाम वाजवी आहे की नाही हे पाहावयाचे. मालमत्तेच्या 'न्याय्य मूल्या'विषयी १८९८ पासून चालत आलेली न्यायालयीन कसोटी यामुळे व्यवहारतः निकालात निघाली.

दरनियमनाच्या पाठ्यपुस्तकांतून होप खटला शिकविला जातो तो या तत्त्वासाठी. त्यातील दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. क्लीव्हलंडच्या विनंतीवरून आयोगाने मागील काळाचाही हिशेब केला होता आणि १९३९ च्या मध्यापासून वसूल केलेले दर लक्षावधी डॉलर्सनी जादा होते असा निष्कर्ष काढला होता. पण तो पैसा परत देवविण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. राज्य पातळीवरील कार्यवाहीला साहाय्य व्हावे एवढाच त्या निष्कर्षाचा उपयोग. त्यातून कोणतेही कायदेशीर बंधन निर्माण होत नसल्याने त्याची फेरतपासणी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत साडेपाच वर्षे गेली. शहरे जिंकली, पण मागची वसुली त्यांच्या हाती लागली नाही.

साचलेली प्रकरणे

महायुद्धोत्तर काळात वायूचा वापर वाढला, खर्चही वाढले आणि चौथे कलम गजबजले. कंपन्या एका दरवाढीचा निकाल लागण्यापूर्वी दुसरी, दुसरीपूर्वी तिसरी दाखल करू लागल्या. करार असतानाही कंपनीला एकतर्फी दर वाढविता येतो काय, हा प्रश्न १९५६ मध्ये युनायटेड गॅस विरुद्ध मोबाइल गॅस या खटल्यात आला. एका सिमेंट कारखान्यासाठी दर हजार घनफुटांना १०.७ सेंट्स असा दीर्घ मुदतीचा करार असताना वाहिनी कंपनीने १४.५ सेंट्सचे दरपत्रक दाखल केले होते. चौथे कलम केवळ सूचना देण्याची पद्धत सांगते, करार मोडण्याचा हक्क देत नाही, असे न्यायालयाने ठरविले. दोनच वर्षांनी मेम्फिस खटल्यात, करारातच वेळोवेळी लागू असलेल्या दरपत्रकाचा उल्लेख असेल तर कंपनीला बदल करता येईल, असेही स्पष्ट झाले. साहजिकच नव्या करारांतून तसा उल्लेख येऊ लागला.

त्यातच १९५४ च्या फिलिप्स निकालाने विहिरीवरील उत्पादकांचे दरही आयोगाच्या कक्षेत आले आणि प्रकरणांचा डोंगर साचला. जेम्स लँडिस यांनी १९६० मध्ये निर्वाचित राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना सादर केलेल्या अहवालात या आयोगाला प्रशासकीय प्रक्रिया कोलमडल्याचे ठळक उदाहरण म्हटले. कर्मचारी तिप्पट केले तरी उत्पादकांच्या दराचे काम २०४३ पूर्वी हातावेगळे होणार नाही, असा अंदाज त्या काळी मांडला गेला होता. सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ च्या अटलांटिक रिफायनिंग निकालात पाचव्या कलमाखालील कार्यवाही जवळपास न संपणारी असल्याची नोंद घेतली आणि म्हणून पुरवठ्याच्या परवान्याच्या वेळीच आयोगाने किंमत तपासावी असे सांगितले. परतावा हा तरी पूर्ण उपाय कोठे होता? वाहिनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून ग्राहकाकडे तो पोहोचेपर्यंत मूळ बिल भरणाऱ्याने घर बदललेले असे.

आयोगाने आपल्या परीने मार्ग काढला. टेनेसी गॅस कंपनीने सात टक्के परतावा धरून दरवाढ मागितली होती. आयोगाला सहा पूर्णांक एक अष्टमांश टक्के पुरेसे वाटले. खर्चाच्या वाटपाचा गुंता शिल्लक असतानाच आयोगाने तेवढ्या मुद्द्यावर तात्काळ कपात व परताव्याचा अंतरिम आदेश दिला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. दुसरा मार्ग तडजोडीचा होता आणि आजही बहुसंख्य प्रकरणे त्यानेच मिटतात. कित्येक तडजोडींत केवळ अंतिम आकडा लिहिलेला असतो. भांडवल किती, परतावा किती, याचा उलगडा कागदावर येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हे मोठे गैरसोयीचे आहे.

१९७७ नंतर

१ ऑक्टोबर १९७७ रोजी जुन्या आयोगाची जागा फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने घेतली. विहिरीवरील किंमती पुढे टप्प्याटप्प्याने मुक्त झाल्या. १९९२ च्या ६३६ क्रमांकाच्या आदेशाने वाहिनी कंपन्यांचा वायूविक्रीचा व्यवसाय वहनापासून वेगळा काढला. स्थिर खर्च संपूर्णपणे क्षमता राखून ठेवण्याच्या आकारात घालण्यात आला, म्हणजे वायू कमी वाहिला तरी कंपनीचे उत्पन्न बहुतांशी सुरक्षित राहिले.

या बदलाची एक बाजू फारशी चर्चिली गेलेली नाही. खरेदी किमतीतील चढउतार ग्राहकांकडून वसूल करण्याची सवलत ज्या कंपन्या घेत, त्यांना दर तीन वर्षांनी आपले मूळ दर आयोगापुढे तपासणीसाठी मांडावे लागत. विक्री बंद झाली, सवलत गेली आणि तिच्याबरोबर हे बंधनही गेले. ज्या कंपनीला जुन्या दरात भरपूर मिळत होते तिला चौथ्या कलमाचा दरवाजा ठोठावण्याचे कारण उरले नाही. विजेच्या बाबतीत काँग्रेसने १९८८ मध्येच कायदा दुरुस्त करून तक्रारीनंतरच्या काळातील परताव्याची तरतूद केली होती. वायूच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये आयोगाने स्वतःहून पाचव्या कलमाखाली तीन कंपन्यांच्या दरांची चौकशी सुरू केली. कंपन्यांनी भरलेल्या वार्षिक हिशेबपत्रकांवरून त्यांची कमाई वाजवीपेक्षा जास्त असावी असे आयोगाला वाटले होते. त्यांपैकी नॉर्दर्न नॅचरल गॅस ही एके काळी एन्रॉनची वाहिनी. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने माहीत झालेला एन्रॉन समूह १९८५ मध्ये दोन वायुवाहिनी कंपन्यांच्या एकत्रीकरणातून जन्मला होता. त्यांपैकी इंटरनॉर्थकडून ही वाहिनी त्याच्याकडे आली आणि समूह कोसळल्यावर ती दुसऱ्यांच्या मालकीची झाली. मालक बदलले तरी पाचवे कलम १९३८ मध्ये होते तेच होते.

डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने कंपन्यांवरील संघीय कराचा दर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला, तेव्हा हीच अडचण नव्या रूपात उभी राहिली. वाहिन्यांच्या दरांत जुना ३५ टक्के कर धरलेला होता. कर कमी झाला म्हणून दर आपोआप कमी होत नव्हते आणि मागील तारखेपासून ते कमी करण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. जुलै २०१८ च्या ८४९ क्रमांकाच्या आदेशाने आयोगाने प्रत्येक वाहिनी कंपनीकडून करकपातीचा परिणाम दाखविणारे विवरणपत्र मागविले. त्यासोबत स्वतःहून दर कमी करावेत, नवे दरपत्रक वा तडजोड आणण्याचे आश्वासन द्यावे, बदल का नको याची कारणे द्यावीत, अथवा काहीच करू नये, असे चार पर्याय कंपन्यांपुढे ठेवले. काही कंपन्यांनी दर उतरविले, काहींनी तडजोडी केल्या. ज्यांनी चौथा पर्याय पत्करला त्यांच्यासाठी आयोगाच्या हाती पाचव्या कलमाची चौकशी होती, आणि तिचा निकाल लागेपर्यंत ३५ टक्क्यांच्या हिशेबाने बांधलेला जुनाच दर लागू राहणार होता.