दिगूचे मौन

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ १९७९ साली आला. ‘सामना’तील सत्तांध हिंदुराव रंगविणाऱ्या निळू फुले यांनाच पटेलांनी येथे पत्रकार दिगू टिपणीस केले. तो परिचित दरारा त्यांनी बाजूस ठेवविला. उरले केवळ पाहणे आणि ऐकणे. कादंबरीकाराच्या निवेदनाचा भार पडद्यावर या मौनाने पेलला. म्हणूनच अखेरीस दिगूचा तोल सुटतो, तेव्हा ते हसू काळजात रुतते.

आम्हां कमठाण्याच्या जुन्या मराठी घराण्यांना दिगू आपला वाटतो. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेले. निर्णय दूरच्या सिंहासनांचा होता; आम्ही पाहत राहिलो. नुसते पाहणाऱ्याचेही मन आतून खचते, हे त्या संयत अभिनयाने आम्हांस उमगले.