शब्दाची मालकी



वकील म्हटला की फौजदारी खटला किंवा जमिनीची वहिवाट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु शब्दांच्या अर्थावरच ज्याची वकिली चालते, असाही एक वकीलवर्ग आहे. व्यापारचिन्हे आणि जाहिराती हे त्याचे क्षेत्र होय.

आपल्या देशात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा 1940 साली झाला. तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता व येथील अपिले मुंबईच्या उच्च न्यायालयात जात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती बंगळूरकडे वळली. 2008 साली उच्च न्यायालयाचे फिरते पीठ धारवाडातच आले. न्यायालये बदलली, मूळ प्रश्न मात्र कायम राहिला: शब्द कोणाचा?

‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. उच्च न्यायालयाने समासाचा विग्रह करून दोन्ही नावे भिन्न ठरविली. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सामान्य खेडूत विग्रह करीत बसत नाही. त्याच्या मनात नावाचा अंधुक ठसा तेवढा उरतो. आम्हां व्याकरणाच्या मंडळींना हा एक धडाच होता. तथापि वादीने दीर्घकाळ मौन बाळगल्यामुळे प्रतिपक्षाला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. हक्क आहे, पण तो जागरूकाचा, हे वकिलाने अशिलाला वेळीच सांगावयाचे असते.

1972 साली पार्ले कंपनी आणि म्हैसूरची जे. पी. आणि कंपनी यांच्या खटल्यात बिस्किटांच्या वेष्टनावरील चित्रांचा प्रश्न आला. एकीवर पाण्याचे भांडे घेतलेली मुलगी, दुसरीवर गवताचा भारा घेतलेली; भोवती गाई आणि कोंबड्या दोन्हींकडे. खालच्या न्यायालयांनी फरक मोजले. सर्वोच्च न्यायालयाने एकंदर ठसा पाहिला व पार्लेच्या बाजूने निर्णय दिला. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याचे संरक्षण चित्रच करते.

मग शब्द कुलूपबंद करावा काय? नाही. ‘नंदिनी’ हे नाव दुधासाठी प्रसिद्ध असले, तरी ‘नंदिनी डिलक्स’ या उपाहारगृहाला ते वापरण्यास 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली; फक्त दूध व दुग्धजन्य पदार्थ वगळले. आपल्या धारवाडी पेढ्याचे उदाहरण तर घरचेच. उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो येथे रुजविला. दुकानांची नावे त्यांची त्यांची, पण ‘धारवाड’ हे नाव गावाचे. 2003 साली अमलात आलेल्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखाली त्याची नोंद झाली, ती याच न्यायाने.

जाहिरातीचेही तेच. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानेच पायबंद घातला होता.

विद्यार्थी मित्रहो, पाटीवरचे नाव हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन असते. त्या वचनाची राखण करणे, आणि अशील दुसऱ्याचा शब्द बळकावू पाहील तेव्हा त्यालाही ‘नाही’ म्हणणे, यातच या व्यवसायाची प्रतिष्ठा आहे.