संत्र्याचे पांढरे दोरे

संत्रे सोलल्यावर फोडींना चिकटलेले पांढरे दोरे काढून टाकण्याची आपल्या घरोघरी रीत आहे. पाहुण्यांपुढे ठेवावयाची फोड तर विशेष निगुतीने साफ केली जाते. श्रोतेहो, त्या टाकाऊ दोऱ्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात, जेथे आंबिया आणि मृग या दोन बहारांवर घरची लग्ने व देणी ठरतात, तेथे तो ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नागपूरकर रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणविली, अशी परंपरा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला व नागपूर मुंबई राज्यात गेले. झाडांनी ती सीमा मानली नाही; जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले तेच नागपुरी संत्रे दोहींकडे पिकते.

या फळाची वैद्यकीय कीर्ती झाली ती समुद्रावर. १७४७ साली जेम्स लिंड या नौवैद्याने स्कर्व्हीने खंगलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीस निराळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांआधी सावरली. त्यामागचे 'क' जीवनसत्त्व १९३२ मध्ये ओळखले गेले.

दोऱ्यांतील द्रव्य मात्र निराळे. १८२८ साली लेब्रतों या फ्रेंच रसायनज्ञाने सालीच्या आतील पांढऱ्या गरातून ते वेगळे काढले. ग्रीक पुराणातील सोनेरी फळांच्या बागेवरून त्यास 'हेस्पेरिडिन' हे नाव मिळाले. पुढे १९३६ मध्ये हंगेरीतील अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून होणारा जो स्राव शुद्ध 'क' जीवनसत्त्वाने थांबत नाही, तो लिंबाच्या अर्काने थांबतो. त्यांनी या गुणास 'पी' जीवनसत्त्व म्हटले. परंतु गिनिपिगांवरील प्रयोगांचा पडताळा पुन्हा येईना, आणि १९५० मध्ये हे नाव सोडून देण्याची शिफारस झाली. सेंट-ग्यॉर्गींना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. तरी त्या कीर्तीच्या आधारावर हे नाव टिकविले गेले नाही, हे मला पारितोषिकाहूनही मोलाचे वाटते.

द्रव्याची चौकशी मात्र चालू राहिली. डायोस्मिनसह हेस्पेरिडिनच्या गोळ्या पायांच्या फुगलेल्या शिरांवर व मूळव्याधीवर आजही दिल्या जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात मध्यम वयाच्या २४ स्थूल पुरुषांनी चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस घेतला. त्यांचा खालचा रक्तदाब काहीसा उतरला. रसाऐवजी हेस्पेरिडिन घातलेले साधे पेय दिले, तेव्हाही तसेच घडले. आशा वाटावी असाच हा निष्कर्ष आहे. परंतु २४ माणसे आणि चार आठवडे! एवढ्या भांडवलावर रक्तदाबाची गोळी सोडून सालीची भुकटी फाकणारा मनुष्य स्वतःच्याच जिवाशी जुगार खेळतो. शिवाय बाहेरच्या सालीवर बागेत फवारलेली औषधे असतात, हे आमच्या बागायतदारांस मी काय सांगावे?

हेस्पेरिडिन पाण्यात फारसे विरघळत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू त्याला जोडलेली साखर तोडतात, तेव्हा कोठे ते अंगी लागते. गाळलेल्या रसात त्याचा बराच अंश चोथ्याबरोबर जातो. फोड दोऱ्यांसकट चावून खाल्ली, तर तो पोटात जातो. त्याला पैसाही अधिक पडत नाही.